बेसलाईनच्या मागून दोन पाय, आत एक

[दृश्य: रिकामं कोर्ट. कॅमेरा जमिनीलगत, बेसलाईनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या, पांढऱ्या पट्ट्यावर.]

टेनिसची सर्व्ह, म्हणजे गुणाची सुरुवात करणारा फटका, पाहताना आपली नजर वर असते. चेंडू वर जातो, रॅकेट पाठीमागून फिरून येते, फटका बसतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा उमटतो. तोवर खाली बरंच काही होऊन गेलेलं असतं. आज आपण कॅमेरा खालीच ठेवणार आहोत. चेंडू चौकटीबाहेर गेला तरी चालेल.

एक आधीच सांगून ठेवतो. यापुढचं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून घ्यावं. त्यांना आयुष्यभर ती सवय असतेच.

[दृश्य: दोन पाय. डावा पुढे, उजवा मागे.]

हा डावा पाय. रेषेपासून चार-पाच सेंटीमीटर मागे, बोटं साधारण उजवीकडच्या नेटच्या खांबाकडे. हा उजवा पाय. खांद्यांच्या रुंदीइतका मागे, बेसलाईनला जवळजवळ समांतर. म्हणजे खेळाडू नेटकडे छाती करून उभा नाही, नेटकडे बाजू करून उभा आहे. नवशिके बहुतेक वेळा नेटकडे तोंड करून उभे राहतात. सर्व्ह जिथे पडायला हवी तो समोरचा चौकोन नीट दिसतो, त्यामुळे ते बरं वाटतं. पण सर्व्हचा बराचसा वेग शरीराच्या वळण्यातून येतो. आधीच वळून उभं राहिलं, तर वळायला काही उरतच नाही. मग सगळा भार खांद्यावर आणि कोपरावर येतो, आणि काही महिन्यांत तो खांदा कुरकुरायला लागतो.

रेषेच्या मागे ती चार-पाच सेंटीमीटर का सोडायची? कारण पुढचा पाय स्वस्थ बसत नाही. वजन पुढे आलं की चवडा फिरतो, किंचित घसरतो. रेषेला चिकटून उभा राहिलेला पाय फटक्याच्या क्षणी रेषेवर असतो. आणि तिथे नियम आडवा येतो.

सर्व्ह सुरू करण्याआधी दोन्ही पाय बेसलाईनच्या मागे आणि स्थिर हवेत. बेसलाईनच्या मध्यावरची छोटी खूण आणि कोर्टाच्या बाजूची रेषा, म्हणजे साईडलाईन, मागे वाढवल्या आहेत अशी कल्पना करा. पाय त्या दोन काल्पनिक रेषांच्या दरम्यान हवेत. मग रॅकेट चेंडूला लागेपर्यंत, किंवा चेंडू हुकेपर्यंत, चालायचं नाही, धावायचं नाही, बेसलाईनला किंवा आतल्या कोर्टाला पाय लावायचा नाही, मधल्या खुणेच्या काल्पनिक रेषेलाही नाही, आणि साईडलाईनच्या काल्पनिक रेषेबाहेरही नाही. पावलांची किरकोळ हालचाल चालते. टेनिसमध्ये चेंडू रेषेला निसटता लागला तरी आत धरतात. पायाला ती सवलत नाही: निसटता लागला तरी फूट फॉल्ट.

व्हीलचेअर टेनिसमध्ये हाच नियम चाकांना लागू होतो. खुर्ची आधी स्थिर हवी. मग फटक्यापूर्वी चाकांना एकदाच ढकलायची मुभा असते, आणि चेंडू मारेपर्यंत चाकं रेषेच्या मागेच राहायला हवीत.

फूट फॉल्ट ही सर्व्हची साधी चूक मानली जाते. पहिल्या सर्व्हला झाला तर दुसरी मिळते. दुसऱ्या सर्व्हला झाला तर गुण गेला. 2009 च्या यूएस ओपनच्या उपांत्य सामन्यात सेरेना विल्यम्स किम क्लायस्टर्सविरुद्ध पहिला सेट हरली होती. दुसऱ्या सेटमध्ये 5-6 अशी मागे आणि सर्व्हिस तिच्याकडे, गुण 15-30. दुसऱ्या सर्व्हला रेषेवरच्या पंचांनी फूट फॉल्ट दिला. गुण झाला 15-40, म्हणजे क्लायस्टर्सला सामना जिंकायच्या दोन संधी, दोन मॅच पॉइंट. सेरेना त्या पंचांवर भडकली. रॅकेट आपटल्याबद्दल तिला आधी ताकीद मिळालेलीच होती, त्यामुळे या वेळी दंड म्हणून एक गुण क्लायस्टर्सला दिला गेला आणि सामना तिथेच संपला. निर्णय बरोबर की चूक, यावर लोक आजही भांडतात. माझ्या मते बोट रेषेच्या इतकं जवळ ठेवलं की निर्णय आपण दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेला असतो.

[दृश्य: संथ गतीत. दोन्ही पाय हवेत, रॅकेट चेंडूला लागतेय.]

आता हे चित्र थांबवू. डावा पाय जमिनीपासून वर, आणि रेषेच्याही पुढे. फूट फॉल्ट? नाही. नियम स्पर्शाबद्दल बोलतो. रेषेवरची हवा कुणाच्या मालकीची नाही. उडी मागून घेतली आणि चेंडूला आधी मारून मग आत उतरलं, तर सगळं नियमात बसतं.

पूर्वी हे चालत नव्हतं. 1960 च्या आसपास नियम बदलेपर्यंत चेंडू मारताना एक पाय जमिनीवर असणं बंधनकारक होतं. त्या काळातल्या चित्रफिती पाहा. डावा पाय जमिनीवर रोवलेला, आणि फटक्याबरोबर उजवा पाय झोकात पुढे येऊन कोर्टात पडतो. तिथूनच नेटकडे धाव सुरू. दिसायला फार देखणी सर्व्ह होती ती. नियम बदलल्यावर खेळाडूंना हवा मोकळी झाली, आणि उतरण्याचा पायही हळूहळू बदलला.

हवेत जाऊन मिळतं काय? थोडा हिशोब करू. बेसलाईनपासून नेट 11.885 मीटरवर. त्यापुढे सर्व्हिसचा चौकोन 6.40 मीटरचा. नेट मध्यभागी 91.4 सेंटीमीटर उंच. गुरुत्वाकर्षण आणि चेंडूचा आकार घटकाभर विसरा, आणि मधल्या रेषेलगत अगदी सरळ मारलेला चेंडू नेटला घासून चौकोनाच्या टोकाला पडतोय असं धरा. तर फटक्याची उंची 2.61 मीटर हवी. आता तोच फटका बेसलाईनच्या अर्धा मीटर पुढे, कोर्टाच्या वर हवेत बसला असं समजा. लागणारी उंची होते 2.54 मीटर. म्हणजे अर्धा मीटर पुढे सरकल्याने सुमारे सात सेंटीमीटर उंची फुकट मिळाली. शिवाय उडीने जी उंची मिळाली ती वेगळीच. प्रत्यक्षात चेंडू खाली वळतो, फिरकीने आणखी वळतो, म्हणून बेताच्या उंचीचे लोकही सर्व्ह करतात. पण पुढे आणि वर, दोन्ही दिशांनी फायदा आहे, हे पक्कं.

इथे एक गैरसमज पसरलेला आहे. मुलं मोठ्या खेळाडूंना हवेत पाहतात आणि सर्व्हला उडी मारायला लागतात. टॉस करायचा, म्हणजे चेंडू वर फेकायचा, आणि टुणकन उडायचं. त्यातून काही हाती लागत नाही. चांगल्या सर्व्हमध्ये उडी ठरवून मारलेली नसते. टॉसबरोबर गुडघे वाकतात, कंबर किंचित कोर्टाच्या दिशेने सरकते, डावा खांदा वर आणि उजवा खाली जातो. मग दोन्ही पाय जमिनीला जोरात रेटतात. उजवी बाजू उसळून वर येते, आणि हात सैल असेल तर रॅकेट आपोआप पाठीमागे खोल जाते. तिला खोल गेल्यामुळेच वेग घ्यायला लांब रस्ता मिळतो. पाय जमीन सोडतात ते या रेट्यामुळे. रेटा नसताना मारलेली उडी म्हणजे नुसतं हवेत लटकणं, आणि लटकलेल्या माणसाला रेटा द्यायला जमीनच नसते.

[दृश्य: दोन खेळाडू शेजारी शेजारी. एकाचे पाय एकमेकांपासून लांब, दुसऱ्याचा मागचा पाय सरकत पुढे.]

रेटायच्या क्षणी पाय कसे असावेत, यावर दोन घराणी आहेत. प्लॅटफॉर्म स्टान्समध्ये दोन्ही पाय शेवटपर्यंत आपापल्या जागी राहतात. पीट सॅम्प्रस, रॉजर फेडरर, नोव्हाक जोकोविच या घराण्यातले. सॅम्प्रस तर सुरुवातीला पुढच्या पायाची बोटं उचलून उभा राहायचा, वजन मागच्या पायावर ठेवून. दुसरा पिनपॉइंट स्टान्स: टॉसबरोबर मागचा पाय सरकत पुढच्या पायाजवळ येतो आणि दोन्ही पाय एकत्र वर रेटतात. सेरेना विल्यम्स आणि मारिया शारापोव्हा अशा सर्व्ह करत. पायांचा जोर मोजणाऱ्या, जमिनीत बसवलेल्या पट्ट्यांवर मोजमापं झाली आहेत. पिनपॉइंटमध्ये वरच्या दिशेचा जोर जास्त मिळतो, प्लॅटफॉर्ममध्ये पुढच्या दिशेचा. दोन्हीतून विजेते निघालेत, त्यामुळे श्रेष्ठ कोण हा वाद निरर्थक. शिकणाऱ्याला मात्र मी आधी प्लॅटफॉर्मच सांगेन. पिनपॉइंटमध्ये सरकणारा पाय कधी फार पुढे येतो, कधी वळसा घेऊन डाव्या पायाच्याही पुढे जातो, कंबर लवकर नेटकडे वळते, आणि कधी तो थेट रेषेवरच उतरतो.

[दृश्य: उतरणारा डावा पाय, अगदी जवळून.]

आणि आता उतरणं. आजच्या बहुतेक व्यावसायिक खेळाडूंची सर्व्ह डाव्या पायावर, कोर्टाच्या आत उतरते. ज्या पायाने शेवटी जमीन सोडली, तोच पाय आधी परततो. गुडघा वाकलेला, धड पुढे झुकलेलं, आणि उजवा पाय मागे उंच गेलेला. मागे उडालेला हा पाय पाहून अनेकांना तो नखरा वाटतो, आणि काही जण आरशासमोर त्याची नक्कल करतात. पण वरचं शरीर पुढे आणि खाली झेपावतंय. कुणीतरी मागे गेल्याशिवाय तोल राहणार नाही. उजवा पाय ते काम करतो.

म्हणूनच उतरणं हा सर्व्हचा पंचनामा आहे. हवेत काय बिघडलं, ते पाय कुठे पडला यावरून वाचता येतं. बेसलाईनच्या मागेच उतरलात? टॉस डोक्यावर किंवा मागे गेला होता. तोल डावीकडे जातोय? टॉस डावीकडे गेला असेल, किंवा डोकं फटक्याआधीच खाली आलं. दोन्ही पाय एकदम धप्पकन पडले? रेटा नुसता वर गेला, पुढे नाही. उजवा पाय आधी आला? बहुधा कंबर वेळेआधी फिरली. हा शेवटचा दोष नवशिक्यात असेल तर मी घाई करणार नाही. ज्याला अजून नीट रेटताही येत नाही, त्याला डाव्या पायावर उतरायला लावणं म्हणजे उत्तर पाठ करून घेणं.

याउलट, फिरकीच्या दुसऱ्या सर्व्हला टॉस मुद्दाम डोक्यावर, थोडा डावीकडे असतो. रॅकेट चेंडूला खालून वर घासते. साहजिकच उतरणंही कमी पुढे होतं. तिथे पहिल्या सर्व्हइतकं आत उतरलात, तर फिरकी कमी पडली असण्याची शक्यता जास्त.

थोडं दुखापतीबद्दल, कारण याकडे प्रशिक्षकही काणाडोळा करतात. प्रत्येक सर्व्हला सगळं वजन, तेही वेगात, एकाच पायावर येतं. एका सरावात ते शंभरदा होऊ शकतं. गुडघा ताठ ठेवून उतरलात तर धक्का घोट्यातून, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेतून वर जात कमरेपर्यंत पोचतो. वाढत्या वयातल्या टेनिसपटूंना कमरेच्या खालच्या मणक्यात ताणाने भेग पडण्याचा त्रास होतो, तसाच जसा क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांना होतो. त्यामागे मुख्य कारण पाठ मागे वाकवून पिळणं आणि तेच पुन्हा पुन्हा करणं. अशा मुलांच्या सर्व्ह मोजाव्यात, आणि कंबर दुखते म्हटल्यावर "सहन कर" म्हणू नये. एका पायावर उभं राहून सावकाश गुडघा वाकवणं, पोटऱ्या आणि खुब्याभोवतीचे स्नायू मजबूत करणं, हा कंटाळवाणा व्यायाम सर्व्हच्या सरावाचाच भाग धरायला हवा.

सरावाला फार काही लागत नाही. डाव्या पायाभोवती खडूने रेघ ओढा. सर्व्ह करा आणि उतरल्यावर डाव्या पायावर दोन सेकंद थांबा. थांबता आलं नाही, तर तोल कुठे गेला ते लगेच कळतं. मग मागे वळून पाहा: पाय खडूच्या खुणेपासून किती पुढे पडला, कोणत्या बाजूला? दहा सर्व्हनंतर उतरण्याच्या जागा एकमेकींजवळ असतील, तर टॉसही एका जागी जातोय. जागा विखुरल्या असतील, तर पायांना हात लावू नका, आधी टॉस सुधारा.

[दृश्य: उजवा पाय पुढे येऊन टेकतो. खेळाडू छोटी उसळी घेऊन स्थिरावतो.]

सामन्यात ते दोन सेकंद मिळत नाहीत. डावा पाय टेकतो, उजवा पुढे येतो, आणि समोरचा खेळाडू चेंडू मारण्याच्या बेताला दोन्ही पायांवर छोटी उसळी घ्यावी लागते. एकेरीत ती बेसलाईनच्या आसपास, एक-दोन पावलं मागे सरकून, कारण खोल आलेला परतीचा फटका आत उभ्या असलेल्याच्या थेट पायांशी पडतो. दुहेरीत सर्व्ह करणारा मधल्या खुणेपासून लांब, साईडलाईनकडे उभा असतो. नेटकडे जायचं असेल, तर तिथे डाव्या पायाचं उतरणं हेच नेटकडचं पहिलं पाऊल.