फोटो कुणाच्या मर्जीचा?

मित्रहो, पुण्या-मुंबईहून केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाणारे आता पुष्कळ आहेत. सिंह, चित्ते बघून झाले की सहलीत तिथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांची वस्तीही असते. मला बोलायचंय ते तिथल्या फोटोंबद्दल. शेणामातीनं लिंपलेलं बुटकं घर आणि दारात, डोळ्यांवर माश्या बसलेलं पोर. घरी आल्यावर आपण हा फोटो दाखवतो आणि बघणारे हळहळतात. पण ते घर तिथल्या बाईनं स्वतःच्या हातांनी बांधलेलं असतं. मसाईंमध्ये घर बांधणं हे बायकांचं काम. आणि गुरं दाराशी असली की माश्या येणारच. शेणानं सारवलेल्या घरात वाढलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांना हे सांगायला नको.

दुःखाचे फोटो काढूच नयेत असं मी म्हणत नाही. तेव्हाच्या सुदानमधल्या (आता दक्षिण सुदान) आयोद गावी १९९३ साली छायाचित्रकार केविन कार्टरनं काढलेला फोटो तुम्ही पाहिला असेल: जमिनीवर कोसळलेलं उपाशी मूल, मागे गिधाड. त्याला पत्रकारितेतलं १९९४ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तो दुष्काळ जगाला दिसायलाच हवा होता. पण अन्नवाटप केंद्र जवळच होतं आणि ते फोटोत नाही. मुलाचं पुढं काय झालं, असं वाचक विचारत राहिले. फोटो छापणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’कडे पक्कं उत्तर नव्हतं.

याच्या शेजारी मला छायाचित्रकार सेदू केइताचे फोटो ठेवावेसे वाटतात. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात त्यानं १९४८ मध्ये स्टुडिओ थाटला. मागे पडदा म्हणून कधी घरच्या पलंगावरची चादर लावायची. सूट, घड्याळ, रेडिओ, स्कूटर असं सगळं तिथं असायचं, गिऱ्हाइकानं हवं ते घ्यावं. फिल्म महाग, त्यामुळे बहुतेकदा एकाच फोटोत काम उरकायचं. त्याचा १९५९ चा एक फोटो जरूर बघा. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, फिकट सूट, हातात नाजूकपणे धरलेलं एकच फूल. आपण कसं दिसायचं, हे त्या तरुणानं स्वतः ठरवलंय. आफ्रिकेतल्या माणसाचा इतका प्रसन्न फोटो आपल्यापैकी किती जणांच्या अल्बममध्ये असेल?

इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात मुर्सी लोक फोटोचे पैसे घेतात आणि पर्यटकांसाठी एरवी नसतो असा साज चढवतात. आपले लोक कुरकुरतात, ‘हे खरं नाही.’ मला तो व्यवहार रास्त वाटतो. वेळ त्यांचा, चेहरा त्यांचा. नटवं रूप आपण मागतो, म्हणून ते मिळतं.

तेव्हा आधी विचारा. मुलाचा फोटो हवा असेल तर त्याच्या आईला विचारा, आणि ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली घ्या. आजारी माणसाचा फोटो काढूच नका. आणि बुकिंग करतानाच टूरवाल्यांना विचारून ठेवा, वस्तीत वेळ किती मिळणार? अर्धा तास म्हणाले, तर कॅमेरा गाडीत राहू द्या, आणि तो अर्धा तास घर बांधणाऱ्या त्या बाईशी बोलण्यात घालवा.