लिंबूटिंबूंचा डाव

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी बेअरिंगची गाडी केली होती? गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून जुनी बेअरिंग आणायची, एक फळी शोधायची, पुढे आडवी पट्टी खिळवायची, पट्टीच्या दोन टोकांना सुतळी बांधायची. ती सुतळी म्हणजे स्टिअरिंग. मग गावातला किंवा कॉलनीतला सगळ्यात मोठा उतार गाठायचा. एकानं बसायचं, दुसऱ्यानं मागून ढकलायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी उडी मारून मागे बसायचं. तो खर्रर्र आवाज ज्यांच्या कानात आजही आहे, त्यांना आजचं बोलणं लगेच कळेल.

विषय आहे खेळावरचे विनोदी चित्रपट. त्यातही ते चित्रपट, ज्यांत एक लिंबूटिंबू संघ मोठ्या, मातब्बर संघांसमोर उभा राहतो. अशा चित्रपटात आपल्याला हसू नक्की कशाचं येतं?

लिंबूटिंबू हा आपला शब्द मला फार आवडतो. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर तो दुबळ्या संघासाठी वापरतात, पण तो आला आहे अंगणातल्या खेळातून. मोठ्या मुलांच्या डावात धाकट्या भावाला घ्यावंच लागतं, नाहीतर आई ओरडते. मग त्याला लिंबूटिंबू करायचं. तो बाद झाला तरी चालतं, त्याच्यावर राज्य येत नाही. पण त्याच्याकडे कधी नीट पाहिलं आहे का? सगळ्यांत जास्त जीव तोडून तोच पळत असतो. आपला डाव धरणार नाहीत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तर पहिली गोष्ट ही. लिंबूटिंबू स्वतः हसत नसतो. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची. लिंबूटिंबूला काही येत नाही असं नसतं. त्याला पुष्कळ काही येत असतं, फक्त हा खेळ येत नसतो. कसब खरं असतं, मैदान नवं असतं. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे. कसब खरं, मैदान नवं.

2001 सालचा आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ आठवा. तो काही पूर्ण विनोदी चित्रपट नाही, पण त्यातला संघ जमवण्याचा भाग आठवा. रघुवीर यादव यांचा भुरा कोंबड्या पाळतो. पळणारी कोंबडी झेप घेऊन धरायची, ही त्याची रोजची कामगिरी. तीच झेप चेंडूवर पडते आणि आपण खळखळून हसतो. गोफण फिरवणारा गोली चेंडूसुद्धा गोफणीसारखा हात गरागरा फिरवून टाकतो. हे दोघे अडाणी आहेत म्हणून आपण हसत नाही. दोघेही आपापल्या कामात वस्ताद आहेत. ते कसब भलत्याच ठिकाणी उगवलं, आणि चक्क उपयोगी पडलं, म्हणून आपण हसतो.

जाता जाता एक सांगतो. त्याच चित्रपटात कचरा नावाचा फिरकी गोलंदाज आहे. अस्पृश्य मानलेला, हात अधू असलेला. त्याच्या हातून चेंडू वळतो, तेव्हा चित्रपट आपल्याला हसवत नाही, तिथं तो थांबतो. हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्याचं नाव मला आजही टोचतं. जिंकल्यानंतर तरी कुणीतरी त्याला विचारायला हवं होतं, की बाबा रे, तुला कोणत्या नावानं हाक मारू?

असो. आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर माइकसमोर बसलो आहे, ती सांगतो.

ही गोष्ट जमैकाची. कॅरिबियन समुद्रातलं बेट. तिथं बर्फ पडत नाही. आपल्याला जमैका माहीत आहे ते क्रिकेटमुळे, सबिना पार्कच्या मैदानामुळे, वेगवान गोलंदाज मायकेल होल्डिंगमुळे. त्या देशात हातगाड्यांच्या शर्यती होतात. बाजारात माल वाहायच्या ढकलगाड्या, त्या उतारावरून सोडायच्या. आपली बेअरिंगची गाडी म्हणा ना. जॉर्ज फिच आणि विल्यम मॅलोनी या दोन अमेरिकनांनी ही शर्यत पाहिली आणि त्यांना वाटलं, अरे, हे तर बॉबस्ले!

बॉबस्ले म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. बर्फाची वळणावळणाची घळ असते, तिच्यातून धातूची घसरगाडी सोडतात. चौघांनी धावत ढकलायची, एकामागून एक उड्या मारून आत बसायचं, पुढच्यानं दोऱ्यांनी वळवायची, मागच्यानं शेवटी ब्रेक लावायचा. ढकला, उडी मारा, बसा. बेअरिंगच्या गाडीचाच खेळ, फक्त गाडी दोनशे किलोच्या वर आणि वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे.

फिच आणि मॅलोनींनी आधी धावपटूंना विचारलं. त्यांनी रस दाखवला नाही. मग ते गेले सैन्याकडे, कर्नल केन बार्न्स यांच्याकडे. लिव्हरपूलकडून खेळणारा नावाजलेला फुटबॉलपटू जॉन बार्न्स, त्याचे हे वडील. सैन्यातून माणसं निघाली. कॅप्टन डडली स्टोक्स हेलिकॉप्टर चालवत. घसरगाडी वळवायचं काम त्यांच्याकडे आलं. पुन्हा तेच बघा, कसब खरं, मैदान नवं. लेफ्टनंट डेव्हन हॅरिस हे किंग्स्टनच्या गरीब वस्तीत वाढलेले, इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकलेले अधिकारी. त्यांचं स्वप्न उन्हाळी ऑलिंपिकमध्ये धावण्याचं होतं. तिसरे मायकेल व्हाइट.

निवड झाली 1987 मध्ये, आणि फेब्रुवारी 1988 मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात हिवाळी ऑलिंपिक. हाताशी जेमतेम काही महिने. थोडा सराव अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला, थोडा ऑस्ट्रियात. पैसे कमी पडले तेव्हा कॅलगरीत टी-शर्ट विकून उभे केले. दोघांच्या गटात स्टोक्स आणि व्हाइट उतरले, एकेचाळीस जोड्यांमध्ये तिसावे आले. म्हणजे अकरा जोड्या त्यांच्याही मागे होत्या. हे लक्षात घ्या.

मग आला चौघांचा गट. चौथ्या गड्याला दुखापत झालेली. तेव्हा डडलींचा धाकटा भाऊ ख्रिस तिथं आला होता. कशाला? भावाला पाहायला, टाळ्या वाजवायला. तो धावपटू होता, पण बॉबस्लेत कधी बसलेला नव्हता. त्याला चार दिवसांत शिकवून तयार केला आणि ऑलिंपिकमध्ये उतरवला. अंगणात एक गडी कमी पडला की कुंपणावर बसलेल्या पोराला हाक मारतात ना, अगदी तसं.

तिसरी फेरी. चौघांनी गाडी ढकलली, सुरुवात झकास झाली. गाडी वेगात निघाली. एका वळणावर ती भिंतीवर फार उंच चढली, तोल गेला आणि आडवी झाली. आत चार माणसं. चौघांची हेल्मेटं बर्फाच्या भिंतीवर घासत, खरवडत चालली होती. गाडी थांबायलाच तयार नाही. टीव्हीवर जगानं हे पाहिलं. त्या क्षणी हसणारं कुणी नव्हतं.

गाडी थांबली. काही क्षण हालचाल नाही. मग एक जण बाहेर आला. मग दुसरा. चौघेही जिवंत, चौघेही धड. आणि ते चौघे त्या गाडीसोबत त्याच बर्फावरून चालत निघाले, शेवटच्या रेषेकडे. मान खाली. काठावरचे लोक टाळ्या वाजवू लागले. कुणी वाकून हात पुढे केला, त्यांनी तो हातात घेतला. अधिकृत निकालात त्या संघापुढे लिहिलं गेलं, शर्यत अपूर्ण.

श्रोतेहो, ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी त्या चालण्यापाशी माझा आवाज बदलतो.

या गोष्टीवरून ऑक्टोबर 1993 मध्ये ‘कूल रनिंग्ज’ नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक जॉन टर्टलटॉब. प्रशिक्षकाच्या भूमिकेत जॉन कँडी, तो गुणी नट पुढच्याच वर्षी मार्चमध्ये गेला. चित्रपटात पुष्कळ काही रचलेलं आहे. खऱ्या सैनिकांच्या जागी चित्रपटात निवड चाचणीत अडखळून पडलेले धावपटू आहेत. इतर संघांचं वैरही वाढवलेलं आहे. पण हसू कुठं आहे, ते दिग्दर्शकाला बरोबर सापडलं आहे. थंडीची सवय व्हावी म्हणून एक जण आइस्क्रीमच्या गाडीतल्या बर्फात जाऊन बसतो आणि त्याच्या केसांची जटा मोडून हातात येते. शर्यतीचा सराव चौघे मिळून न्हाणीघरातल्या टबात करतात, एकामागे एक, वळण आलं की चौघे एकदम कलतात. यात एकही जण चेष्टा करत नाही. टबातही ते ऑलिंपिकलाच बसलेले असतात. अंगणातला धाकटा भाऊ असाच पळतो.

मग त्यांचा कप्तान स्वित्झर्लंडच्या संघाची नक्कल करायला लागतो. त्यांच्यासारखे आकडे मोजायचे, त्यांच्यासारखं उभं राहायचं. आणि सगळं बिघडतं. तेव्हा त्याचा मित्र त्याला सांगतो, की आपण जमैकन म्हणूनच उतरू या. माझ्या मते त्या चित्रपटाचं मर्म तिथं आहे. नक्कल करणारा लिंबूटिंबू केविलवाणा दिसतो. आपलं कसब घेऊन आलेला लिंबूटिंबू हसवतोही आणि जिवाला लावूनही घेतो.

आपल्याकडे आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीत क्रिकेटचं समालोचन करायचे. इंग्रजांचा खेळ, पण कानावर पडायचा तो आपल्या बोलीत. ते समालोचन रेडिओवर पुन्हा नियमित ऐकायला मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण तो वेगळा विषय.

आणखी एक गोष्ट त्या चित्रपटानं फार सुंदर केली आहे. सुरुवातीला हातगाडी धडकते, मोडते, आणि मित्र मित्राला विचारतो, मेलास का? उत्तर येतं, हो. आपण हसतो. शेवटी बर्फात गाडी उलटते, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा येतो. या वेळी उत्तर येतं, नाही. पहिल्या वेळी आपण हसलो होतो, म्हणूनच दुसऱ्या वेळी घसा दाटतो. पहिलं हसू नसतं तर तो दुसरा प्रश्न कोरडाच गेला असता.

चित्रपटात चौघे गाडी खांद्यावर उचलून रेषा पार करतात. दृश्य मोठं आहे, थिएटरात लोक उभे राहावेत असं आहे. पण मला विचाराल तर खांद्यावर गाडी घेतलेले मला तितके आवडत नाहीत. मला आवडतात ते चालत गेलेले. मान खाली घालून, काठावरच्या अनोळखी माणसाचा हात हातात घेत चालत गेलेले ते खरे चार जण.

चित्रपट लागल्यावर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी 1994 मध्ये, नॉर्वेतल्या लिलहामरला पुन्हा हिवाळी ऑलिंपिक होतं. डडली स्टोक्स पुन्हा पुढच्या जागेवर बसले, हातात तेच दोर. या वेळी गाडी चारही फेऱ्यांत शेवटपर्यंत सरळ उभी राहिली. जमैकाचे चौघे चौदावे आले. अमेरिकेची गाडी त्यांच्या मागे होती.

नमस्कार.