डीबी बघ की! : बेस गिटारच्या बॉक्सचा हिशेब

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. प्लायवूडचा भुसा, रंधा, अर्धवट बांधलेले बॉक्स.)

निवेदन :
कोल्हापुरात स्पीकर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : किती वॅटचा? मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतींनी लावलेली ही सवय. वॅट जास्त, तो बॉक्स भारी! उद्यमनगरातल्या या शेडमध्ये मात्र दोन बॉक्स शेजारीशेजारी उभे आहेत आणि दोघांच्या पाठीवर आकडा एकच, ३०० वॅट. एकात १० इंची चार स्पीकर, दुसऱ्यात १५ इंची एकच. यात्रा-जत्रांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या एका पोराला यातला एक न्यायचाय.

"मामा, दोन्ही तीनशेचेच हाईत. मग आवाज सारखाच की."

"वॅट कशाला बघतोस? डीबी बघ की."

बॉक्स बांधणाऱ्या मिस्त्रीमामांचं बरोबर आहे. डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाचं माप. ३०० वॅट म्हणजे बॉक्स किती सोसतो, एवढंच. तो वाजतो किती, हे सांगणारा आकडा खाली बारीक अक्षरात असतो : सेन्सिटिव्हिटी. बॉक्सला एक वॅट द्यायचा, समोर एक मीटर अंतरावर आवाज मोजायचं यंत्र धरायचं, येतील ते डेसिबल. चार-दहावर, म्हणजे १० इंची चार स्पीकरवाल्यावर, लिहिलंय ९८, पंधरावर ९५.

तीन डेसिबल कानाला जेमतेम कळतात. पण अॅम्पकडून, म्हणजे बॉक्सला वीज पुरवणाऱ्या अॅम्प्लिफायरकडून, तेवढे वाढवून घ्यायचे, तर वॅट दुप्पट लागतात. ९८च्या बॉक्सला १५० वॅट दिले आणि ९५च्या बॉक्सला ३०० दिले, तर दोघंही एक मीटरवर साधारण १२० डेसिबलला पोचतात. आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा असेल, तर सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट. वॅटच्या मागे धावणं खिशाला परवडत नाही ते यामुळंच.

(दृश्य : बॅटरीच्या उजेडात बॉक्सच्या पाठीवरची पट्टी, अगदी जवळून.)

मग चार-दहाच घ्यावा? थांबा. पट्टी नीट वाचा. ९८च्या पुढं लिहिलंय '२.८३ व्होल्ट, १ मीटर'. ओहम म्हणजे बॉक्स विजेला करतो तो अडथळा. आठ ओहमच्या बॉक्सला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर एक वॅट जातो. हा बॉक्स चार ओहमचा आहे. त्याला तेवढेच व्होल्ट दिले की जातात दोन वॅट. म्हणजे ९८मधले तीन डेसिबल अॅम्पने घातलेले, बॉक्सने नव्हे. वॅटला वॅट लावून बघितलं तर दोन्ही बॉक्स ९५चेच! कंपनी खोटं बोलली असं म्हणता येत नाही. पण आकडा कसा मांडला की उठून दिसतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

त्याहून मोठी गोम पुढं आहे. ९५ डेसिबल, पण कुठल्या सुरांना? बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. पाच तारांच्या बेसवर ३१. छापलेला आकडा बहुतेक वेळा सुरांच्या एखाद्या पट्ट्याची सरासरी असतो, आणि दोनतीन हजार हर्ट्झला स्पीकर खणखणीत वाजत असेल तर सरासरी आपोआप वर जाते. खाली ४१ला तोच बॉक्स दहा डेसिबलनं बसलेला असू शकतो. ही माहिती आलेखात असते, आणि आलेख सगळ्या कंपन्या छापत नाहीत.

इथं निसर्गाचाही एक व्यवहार आहे. के.एल.एच. या स्पीकर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हॉफमन. विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा. त्याच्या नावानं ओळखला जाणारा नियम सांगतो : लहान बॉक्स, खोल बेस आणि चढी सेन्सिटिव्हिटी, यांतल्या दोनच गोष्टी मिळतील. तिन्ही देतो म्हणणाऱ्या जाहिरातीचं पान उलटावं. बेसचे अॅम्प बनवणाऱ्या अँपेग कंपनीनं १९६९मध्ये ३०० वॅटच्या अॅम्पसोबत दहा इंची आठ स्पीकरचं कपाट आणलं, त्यामागं हेच गणित : आवाज हवा, तर आकार द्या.

(दृश्य : दोन्ही बॉक्स जमिनीवर, भिंतीपासून सारख्या अंतरावर. तिवईवर मीटर म्हणून मोबाईल.)

मामा दोन्ही बॉक्स एकाच अॅम्पवर आळीपाळीनं लावतात. व्होल्ट मोजून, आठ ओहमला २.८३ आणि चार ओहमला २. आता खरोखर एकेकच वॅट. पोरगा मोकळी ई, म्हणजे तीच जाड तार, छेडतो. मोबाईलमधलं आवाज मोजायचं ॲप 'ए' वर आहे, म्हणजे खालचे सूर कमी धरणाऱ्या मापावर. काटा हलतो न हलतो. या मापात ५० हर्ट्झचे तीसएक डेसिबल वजा होतात. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची जी मर्यादा आहे, तीही याच मापातली. मामा खालचे सूर फारसे न कापणारं 'सी' माप लावतात, तेव्हा कुठं बेस दिसायला लागतो.

पंधरा खाली गुबगुबीत. चार-दहा वर धारदार. बोटाचा प्रत्येक ठोका सुटा. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गोंगाटातून हाच आधी ऐकू येणार, कारण गर्दीत बेस ओळखू येतो तो बराचसा ८२ हर्ट्झ आणि त्यावरच्या सुरांनी. शिवाय उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. १६ मीटरवर १२०चे ९६ उरतात.

पोराचं मन चार-दहावर बसलेलं दिसतं. मामा विचारतात, "अॅम्प कमीत कमी किती ओहमवर चालतोय?"

"चारच."

"मग ह्याला दुसरा बॉक्स जोडणार कसा? सारखे दोन जोडले की ओहम निम्मं. दोन ओहम होईल, अॅम्प बसंल."

पंधराचे दोन आठ-ओहमी बॉक्स मात्र मिळून चार होतात. त्याच व्होल्टला तीन डेसिबल जास्तीच्या वॅटचे, आणि खालच्या सुरांत हवा हलवणारा स्पीकरचा कागद दुप्पट झाल्याचे आणखी सुमारे तीन. एकूण सहा!

पोरगा पंधरा उचलून बघतो. दुसरा यात्रेच्या सुपाऱ्या उरकल्यावर घ्यायचं ठरतं.

"चाकं लावून देणार का, मामा?"

"त्याचं वेगळं पैसं पडतील."