फ्लॉपीतून आलेलं दुखणं

[दृश्य: काळा पडदा, हिरवी अक्षरं. फ्लॉपी ड्राइव्हची खरखर.]

५ जानेवारी. ऑफिसातला कंप्युटर सुरू होतो आणि पडद्यावर सूचना येते: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. करत नाही तोवर यंत्र ढिम्म हलत नाही.

हा जोशी व्हायरस. १९९० साली तो भारतात सापडला. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून कंप्युटर पुन्हा सुरू केला, तरी हा मेमरीत ठाण मांडून बसलेलाच. वीज बंद करायची, निर्धोक फ्लॉपी, म्हणजे फायली साठवायची व्हायरस नसलेली चकती, घालायची, मग यंत्र चालू करायचं, एवढाच मार्ग होता.

आज हे वाढदिवसाचं प्रकरण गमतीचं वाटतं. पण ज्याच्या महिन्याभराच्या हिशेबाच्या फायली त्या यंत्रात होत्या, त्याचा जीव टांगणीला लागत असे.

[दृश्य: सव्वापाच इंची फ्लॉपी, जवळून.]

सुरुवात चार वर्षं मागे, लाहोरमध्ये. १९८६. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' लिहिला. पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानतात. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तो लिहिला, असं त्यांचं म्हणणं. व्हायरसच्या आतच त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते. वर सूचना होती: लशीसाठी आमच्याशी संपर्क साधा.

फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटचा एक तुकडा असतो, बूट सेक्टर. कंप्युटर सुरू होताना आधी तोच वाचला जातो. ब्रेन ती जागा बळकावायचा आणि मूळ सेक्टर दुसरीकडे नेऊन ठेवायचा. तपासायला गेलात, तर तो मूळ सेक्टरच तुमच्यापुढे करायचा. म्हणजे चोराच्याच हाती घराची झडती! निर्धोक फ्लॉपीवरून यंत्र सुरू करण्याचा आग्रह होता, तो यासाठी. मेमरीत व्हायरस जागा असेल, तर तपासणीवर विश्वास ठेवता येत नसे.

पुढच्याच वर्षी उतारे निघू लागले. १९८७ मध्ये बर्न्ड फिक्स या जर्मन तरुणाने 'व्हिएन्ना' व्हायरस निकामी केला. अमेरिकेत जॉन मॅकॅफी आपला स्कॅनर, म्हणजे व्हायरस शोधणारा प्रोग्राम, बुलेटिन बोर्डांवरून वाटू लागले. फोनच्या तारेवरून जोडून फायली घेता येतील असे कंप्युटर, ते बुलेटिन बोर्ड. चेकोस्लोव्हाकियात दोन प्रोग्रामरनी 'नॉड' हा व्हायरसविरोधी प्रोग्राम लिहिला. या नावाचा अर्थ 'डिस्कच्या कडेचं रुग्णालय', तिथल्या एका लोकप्रिय टीव्ही मालिकेवरून घेतलेला. मला हे नाव फार आवडतं. दवाखाना चालवल्यासारखंच तर हे काम होतं.

स्कॅनर व्हायरसमधली ठरावीक बाइटांची ओळ शोधायचे. तिला म्हणतात सिग्नेचर. पण सिग्नेचर कळायला आधी कुणाचा तरी कंप्युटर आजारी पडावा लागे. नवा व्हायरस आला, की पुन्हा पहिल्यापासून.

[दृश्य: पुण्यातली जुनी पेठ. उघडलेला कंप्युटर, शेजारी स्क्रूड्रायव्हर.]

आणि आजारी कंप्युटर सगळ्यात आधी कुठे पोचतो? दुरुस्तीच्या दुकानात.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. १९९० मध्ये स्वतःचं दुकान काढलं. पुढे कंप्युटरही दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यातले अनेक व्हायरसने बिघडलेले असत. असा बिघाड सोल्डरिंगने निघत नाही. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कंप्युटर शिकत होता. कैलाश यांनी त्याला याच प्रश्नाकडे वळवलं. समोर आलेल्या व्हायरसवर संजय छोटे प्रोग्राम लिहू लागला, दुकानातल्या यंत्रांवर ते वापरले जाऊ लागले.

मला या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. एका भावाला गिऱ्हाइकाची अडचण रोज दिसत होती, दुसऱ्याला कोड वाचता येत होता, आणि दोघं एकाच घरात राहत होते.

१९९५ मध्ये हे काम डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालणारं एक उत्पादन म्हणून बाजारात आलं. किंमत ७०० रुपये. नाव, क्विक हील.

कंपनीचं नाव मात्र २००७ पर्यंत जुनंच राहिलं: कॅट कंप्युटर सर्व्हिसेस. दुरुस्तीच्या दिवसांतलं.