आधी उंची मोजा

नमस्कार श्रोतेहो.

सहामाही परीक्षा संपत आली की घराघरांत एक प्रश्न सुरू होतो, “आई, या सुट्टीत आपण इमॅजिकाला जायचं ना?” वर्गातलं कुणीतरी त्या थीम पार्कला जाऊन आलेलं असतं, त्यानं डबा खाताना सगळं रंगवून सांगितलेलं असतं. मग एका रात्री जेवणं झाल्यावर आईबाबा हिशेब मांडून बसतात. पाच माणसांची तिकिटं, गाडीभाडं, खाणंपिणं. साध्या नोकरदार घरात असा खर्च दोन-तीन वर्षांतून एकदा होतो. त्या एका दिवसाचं चीज व्हावं, एवढ्यासाठी मी आज तुमच्याशी बोलणार आहे.

तिकीट काढायच्याही आधी एक काम करा. घरातल्या सगळ्यात लहान मुलाची उंची मोजा.

माझा भाचा सात वर्षांचा होता तेव्हा आम्ही त्याला पहिल्यांदा अशा एका पार्कात नेलं. महिनाभर त्याच्या तोंडी एकच नाव, रोलर कोस्टर. उन्हात जवळजवळ तासभर रांगेत उभे राहिलो. नंबर आला, तिथं कामावर असलेल्या मुलानं त्याला उंचीच्या पट्टीशी उभं केलं. दोन बोटं कमी भरली. भाच्यानं हळूच टाचा उचलल्या. त्या मुलानं खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकायला लावल्या आणि मान हलवली. भाचा रडला नाही. त्यानं एकदा पट्टीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि मला म्हणाला, “मावशी, मी तर सकाळी सगळं दूध प्यायलो होतो.”

तो मुलगा आपलं काम चोख करत होता. चूक आम्हा मोठ्यांची होती. रोलर कोस्टरची गाडी उंचावर नेली जाते आणि तिथून सोडली की वेग घेते, वळणावर आणि उलट्या फेऱ्यात शरीर एका बाजूला जोरात ओढलं जातं. त्या वेळी माणसाला जागेवर धरून ठेवतो तो खांद्यावरून किंवा मांडीवरून येणारा दांडा. तो ठरावीक मापाच्या शरीरावरच नीट बसतो. मूल लहान असेल तर मध्ये फट राहते आणि ते निसटू शकतं. मुलाचं धाडस किंवा वय इथे कामाचं नाही. म्हणून “एवढ्याशानं काय होतंय, बसू द्या ना” अशी विनवणी कृपा करून कुणी करू नका.

घरी मोजायचं ते असं. चपला काढून मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा, टाचा चौकटीला टेकलेल्या. डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी धरा, तिच्या खाली पेन्सिलनं खूण करा आणि जमिनीपासून टेपनं मोजा. मग पार्कच्या संकेतस्थळावर कुठल्या राइडला किती उंची लागते ते बघा आणि मुलाला शेजारी बसवून दोघं मिळून यादी करा. नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरला आपण पुढच्या वेळी बसू, या वेळी राजासॉरसची होडी आपली. हे घरी, मांडीवर बसवून सांगितलं की मूल ऐकतं. रांगेच्या टोकाला सांगितलं की त्याचा अख्खा दिवस जातो. बऱ्याच पार्कांत लहानांचं तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं, म्हणजे हिशेबालाही ती खूण उपयोगी पडते.

राजासॉरसचं एक सांगते, गाडीत मुलांना जरूर सांगा. हा डायनोसॉर सिनेमातून उचललेला नाही, आपल्या देशातला आहे. गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या हाडांवरून त्याला २००३ साली हे नाव मिळालं. हे कळलेलं मूल त्या होडीत वेगळ्याच डोळ्यांनी बसतं.

आता आजी-आजोबा. त्यांना न्यायचं असेल तर बसून बघायचे खेळ आधी शोधून ठेवा आणि दुपारचे दोन तास सावलीतच काढा. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं, गरोदरपण, या सगळ्यांबद्दलच्या सूचना राइडच्या तोंडाशी लावलेल्या असतात, त्या उभं राहून वाचा. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांतले दोन गणपती त्याच वाटेवर. साहजिकच आजी म्हणते, जाता जाता दर्शन घेऊ. माझं ऐका, त्याच दिवशी नको. सकाळचे पहिले दोन तास पार्कात रांगा सगळ्यात छोट्या असतात आणि ते दर्शनात गेले की दिवसभर तुम्ही गर्दीच्या मागे राहता. एक मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निवांत दर्शन घ्या. आजीचंही मन भरतं.

दिवस कोणता? शनिवार-रविवार टाळा, हे सगळेच सांगतात. पण डिसेंबर-जानेवारीतला मधला वारही मोकळा मिळेलच असं नाही, तेव्हा शाळांच्या सहली असतात, बसच्या बस येतात. पावसाळ्यात खोपोलीला घाटाखालचा पाऊस असतो, विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबवाव्याच लागतात.

पाण्यात जायचं असेल तर घरातल्या बायकांशी आधी बोला. वॉटर पार्कमध्ये साडी, सुती ड्रेस चालत नाही, नायलॉन-लायक्रासारख्या कापडाचे कपडे लागतात. सुती कापड भिजून जड होतं, घसरगुंडीवर अडकतं. हे तिथे गेल्यावर कळलं की भाड्याचा पोशाख घ्यावा लागतो, नाहीतर सासूबाई दिवसभर पिशव्या राखत बसतात. त्यांनाही पाण्यात उतरायचं असतं हो. नीट विचारा त्यांना.

आणि जत्रेतली जुनी रीत इथेही पाळा. फाटकातून आत शिरताच मुलाचा एक फोटो काढा, म्हणजे आज अंगात काय आहे ते दाखवता येतं. आईचा नंबर त्याच्या मनगटावर बॉलपेननं लिहा. चुकलास तर धावायचं नाही, गणवेशातल्या काकांना किंवा ताईंना नंबर दाखवायचा, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या.

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर आता पेन्सिलच्या चार खुणा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा भाचा दप्तर खाली टाकून थेट चौकटीला पाठ लावून उभा राहिला, टाचा नीट टेकवून. वही मीच धरली. आता नायट्रोच्या रांगेत त्याच्याबरोबर कोण उभं राहणार, ते तेवढं ठरायचंय.

नमस्कार.