गेज आणि व्होल्टेज

(दृश्य: कुर्ला स्टेशन, सकाळ. कॅमेरा हार्बरच्या प्लॅटफॉर्मवरून वर, ओव्हरहेड वायरवर.)

सकाळचे पावणेनऊ वाजलेत, कुर्ल्याला या वेळेला वर कोणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष आपला डबा नेमका कुठे थांबणार याच्यावर. पण जरा वर बघा, ती वायर. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून पहिली विजेवरची गाडी निघाली ती हार्बर लाइनने इथे कुर्ल्यालाच आली होती, आणि तेव्हा वायरीत १५०० व्होल्ट डीसी होतं, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. आज तिथे २५ हजार व्होल्ट एसी आहे, सतत दिशा बदलणारा करंट. म्हणजे मधे कधीतरी अख्ख्या मुंबईच्या लोकलचा करंटच बदलला. वेस्टर्नवर ते काम २०१२ ला संपलं, हार्बरवर सगळ्यात शेवटी, २०१६ च्या एप्रिलमध्ये. आता सांगा, त्यासाठी लोकल महिनाभर बंद होती असं कोणाला आठवतंय का? नाही आठवणार, कारण बंद नव्हतीच. रविवारचे मेगाब्लॉक झाले, आपण शिव्या घातल्या, आणि सोमवारी परत लटकलो.

(दृश्य: रूळ, अगदी जवळून.)

आता खाली बघा. दोन रुळांमधलं अंतर, ज्याला गेज म्हणतात, १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली तेव्हाही एवढंच होतं. कोळशाची इंजिनं गेली, डीसी आलं, डीसी गेलं, लाकडी डबे गेले, थंडगार डब्यांची एसी लोकल आली, अंतर तेच. ज्यांनी ते ठरवलं त्यांच्या डोळ्यासमोर विरार फास्ट नव्हती, नालासोपाऱ्याला चढणारी गर्दी नव्हती, काहीच नव्हतं.

तर गेज आणि व्होल्टेज. दोन्ही निर्णय कोणीतरी टेबलावर बसून घेतलेले, एक नव्वद वर्षांनी बदलता आला, खर्च झाला, त्रास झाला पण आला. दुसरा आता बदलणं म्हणजे रेल्वे नव्यानेच बांधणं.

मी रेल्वेत नाही बरं का. मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे.

(दृश्य: परळची जुनी बिल्डिंग, जिना, गॅलरीत वाळत घातलेले कपडे.)

आमच्या आईने नातेवाइकांत 'मुलगा आर्किटेक्ट झाला' एवढंच सांगितलं, सॉफ्टवेअर हा शब्द वाटेत कुठेतरी गळला, आणि एका रविवारी मामा सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा प्लॅन गुंडाळी करून घेऊन आला. "बिल्डर म्हणतोय कार्पेट वाढतोय, तू बघ जरा, स्वयंपाकघर कुठे घालवलंय ह्याने." मी म्हटलं मामा, अरे मी कॉम्प्युटरवाला. तर म्हणाला, "मग तू तिथे बांधतोस काय?" आणि खरं सांगतो, मला उत्तर आलं नाही. मी तेव्हा व्हाइटबोर्डवर चौकोन काढायचो, चौकोनांना बाण जोडायचो, फोटो काढून मेल करायचो. बांधायची दुसरीच पोरं, रात्री जागून.

हा शब्द आमच्याकडे आला कुठून ते मी नंतर वाचलं. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० नावाची मशीन्स जाहीर केली, फ्रेड ब्रुक्स त्या कामाचे प्रमुख होते. तोपर्यंत नवं मशीन घेतलं की बऱ्याचदा प्रोग्रॅम नव्याने लिहायला लागायचे. यांनी काय केलं, तर छोटं मशीन, मोठं मशीन, आतलं सर्किट वेगवेगळं, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बाहेरून सगळी सारखीच दिसणार. ते जे बाहेरून दिसणारं सारखेपण, त्याला त्यांनी आर्किटेक्चर म्हटलं. म्हणजे आत काय वाटेल ते बदला, हे एवढं बदलणार नाही हे वचन. थोडक्यात गेज.

मला हे कळलं ते वाचून नाही, मार खाऊन.

(दृश्य: अंधेरी, ऑफिसची लिफ्ट, काचेची मीटिंग रूम.)

एका कंपनीत होतो, नाव नको, लोकांच्या पॉलिसी सांभाळणारं सॉफ्टवेअर होतं. कार्डावर नुकतंच आर्किटेक्ट छापून आलेलं. मीटिंगमध्ये प्रश्न आला की ग्राहकाला ओळखायचं कशावरून, आणि मी म्हटलं मोबाइल नंबर. पॉलिसी नंबर कोणाच्या लक्षात राहत नाही, मोबाइल सगळ्यांच्या राहतो, ओटीपी पाठवला की लॉगिन झालं. सगळे खूश. वीस मिनिटांत मीटिंग संपली, खाली जाऊन कटिंग प्यायलो. त्या वीस मिनिटांत मी गेज ठरवलं होतं आणि मला वाटत होतं मी पंख्याचं बटण कुठे लावायचं ते सांगितलंय.

पहिली चीर पडली ती डोंबिवलीच्या एका कुटुंबामुळे. आजी, वडील, आई, तिघांच्या पॉलिसी, नंबर एकच, घरातला 'मुलाचा मोबाइल'. आता हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे, आमच्या घरी तेच होतं, माझ्या आईचे गॅसचे मेसेज अजून मला येतात! पण व्हाइटबोर्डपुढे उभं राहिलं की माणूस आपलं घर विसरतो. आम्ही नंबरापुढे डॅश एक, डॅश दोन लावून वेळ मारून नेली.

दुसरी खरी. रिचार्ज बंद झालेला नंबर मोबाइल कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी देतात, नव्वद दिवस तरी थांबावं लागतं, मग देऊ शकतात. एक दिवस कॉल सेंटरला भांडुपच्या एका बाईंचा फोन, मी रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज अगदी शांत. "अहो, मला रोज कोणाच्यातरी प्रीमियमचे मेसेज येतात. लिंक दाबली तर त्या माणसाची सगळी माहिती उघडली, वारस कोण, कुठली आजारपणं. मी त्यांची कोणी नाही हो. हे तुम्ही बंद करा ना." मी हेडफोन काढून ठेवला. शेजारचा मुलगा विचारतोय काय झालं, काय सांगणार त्याला.

१९७२ साली डेव्हिड पार्नस या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने एक पेपर लिहिला, फार मोठा नाही. त्यातली गोष्ट अशी की प्रोग्रॅमचे तुकडे पाडताना आधी हे, मग ते, असे कामाच्या क्रमाने पाडू नका. कुठला निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते बघा आणि तो एका तुकड्याच्या आत लपवून ठेवा, बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागता कामा नये. मी बरोब्बर उलटं केलेलं. जो नंबर माणूस बदलतो, हरवतो, मुलाला देऊन टाकतो, तो मी डेटाबेसच्या चाळीसेक टेबलांमध्ये पायात घालून वर मजले चढवले होते.

(दृश्य: लोकलचा डबा, छताचे पंखे.)

तर आता उपाय काय? सगळं बंद करून नव्याने लिहायचं? हे आमच्या धंद्यात सगळ्यांना आवडतं, नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हेच सुचवतो, मीही सुचवलंय.

रेल्वेने काय केलं ते बघा. आधी अशा गाड्या आणल्या ज्या डीसीवरही धावतील आणि एसीवरही. मग लांबच्या टोकाकडून शहराच्या दिशेने एकेक पट्टा एसीवर घेतला. जिथे एक करंट संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे मधे थोडी वायर बिनकरंटची, गाडी आपल्या वेगावर तो तुकडा ओलांडते. त्या काळात रोज जाणाऱ्यांना आठवत असेल, मधेच पंखे बंद पडायचे, लाइट जायची, सगळे एकदम गप्प, आणि पाच-दहा सेकंदांत परत सुरू. आपल्याला वाटायचं काय खटारा गाडी आहे. तेव्हा खाली आपण उभे होतो आणि वर शंभर वर्षांतलं एक मोठं मायग्रेशन, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जाणं, चाललं होतं. जुन्या पुलांखाली तर वायर आणि पूल यात पंचवीस हजाराला पुरेल एवढी जागा आहे का, हेही बघावं लागलं. असल्या गोष्टी व्हाइटबोर्डवर दिसत नाहीत, त्यासाठी पुलाखाली जाऊन टेप लावायला लागते.

आम्ही तसंच केलं. प्रत्येक ग्राहकाला एक नवा नंबर दिला, ज्याला काहीच अर्थ नाही, जो कोणाला दाखवायचाही नाही. काही महिने दोन्हीकडे लिहायचं, वाचायचं जुन्यावरून. मग वाचायचं दोन्हीकडून आणि फरक आला की आम्हाला मेल. पहिल्या रात्री इतके मेल आले की माझा इनबॉक्सच बसला. दीड वर्ष लागलं, वीस मिनिटांच्या मीटिंगला.

(दृश्य: दोन ऑफिस. एक अंधेरीत, एक ऐरोलीत.)

यात अजून एक भानगड होती. आमची एक टीम अंधेरीला, एक ऐरोलीला, दोघांचं एकमेकांशी फारसं जमायचं नाही, भेटायचं म्हणजे दीड तास घालवायचा. आणि सॉफ्टवेअरमध्येही बरोबर तिथेच भेग! तारीख एकीकडे आधी दिवस, दुसरीकडे आधी वर्ष, आणि मधे ती फक्त उलटीपालटी करणारा एक प्रोग्रॅम, त्याचा मालक कोणीच नाही. मेल्विन कॉनवे या कॉम्प्युटरवाल्याने हे १९६८ मध्येच लिहून ठेवलंय, की संस्था जे डिझाइन करते ते तिच्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याच्या रचनेसारखंच निघतं. पेपर आधी एका मोठ्या मॅनेजमेंटच्या मासिकाने नाकारला होता म्हणे सिद्ध केलेलं नाही म्हणून, मग डेटामेशन या कॉम्प्युटरच्या मासिकात छापून आला. सिद्ध काय करायचंय, ऐरोलीला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल पकडा आणि बघा. मी मग आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीला बसायला लागलो, काही खास काम नसायचं, डबा खायला. तो उलटापालटीचा प्रोग्रॅम चार महिन्यांत गेला, आणि माझा एकही चौकोन त्यात कामी आला नाही.

मला विचाराल तर आर्किटेक्टचा निम्मा पगार हा असल्या डबा खाण्याचा आहे. उरलेला निम्मा लक्षात ठेवायचा.

एक सांगतो. जुन्या कोडमध्ये एका जागी लिहिलं होतं, 'इथे हात लावू नका'. खाली फक्त तीन सेकंद थांबायची सूचना. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला, कारण कुठेच नाही. आमच्या एका हुशार पोराने काढून टाकलं, फुकट वेळ खातंय म्हणून. दोन दिवसांनी बँकेकडून येणारी फाइल अर्धीच वाचली गेली. बँकेकडून फाइल लिहून पूर्ण व्हायच्या आधीच आम्ही वाचायला बसत होतो, ते तीन सेकंद त्यासाठी होते. त्या पोराची काय चूक? 'हात लावू नका' एवढ्याने काय होतं, का ते लिहा की. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक पान. काय ठरवलं, दुसरं काय करता आलं असतं, ते का नाही केलं, तारीख. मोबाइल नंबरवालं पान मी स्वतः लिहिलंय, तारखेसकट.

(दृश्य: घाटकोपर, मेट्रोकडे जाणारा पूल, वरून.)

शेवटचं घाटकोपर. मेट्रो वन, वर्सोवा ते घाटकोपर, २०१४ च्या जूनपासून. करंट लोकलचाच, २५ हजार एसी, पण गेज वेगळं, १४३५. म्हणजे ही गाडी त्या रुळावर जाऊ शकत नाही, कधीच नाही. मग दोन सिस्टिम जोडल्या कशाने? या पुलाने. ही खाली दिसतेय ती गर्दी, बॅग पोटाशी धरून जिना चढणारी, तोच आमच्या भाषेतला इंटरफेस, आणि सगळी कोंडी होते ती इथेच होते. मी नव्या पोरांना चौकोनांमधले बाण शिकवायचे असले की संध्याकाळी साडेसहाला इथे घेऊन येतो. बाण केवढासा दिसतो ना बोर्डवर? जा, चढून दाखव.

(दृश्य: रात्र. रिकामं ऑफिस, एक स्क्रीन चालू.)

गेल्या महिन्यात शनिवारी रात्री आम्ही दोघंच होतो, मी आणि टीममधली सगळ्यात नवीन मुलगी. मोबाइल नंबरवरून आता कोणी काही वाचत नव्हतं, तीन महिने फरकाचा एकही मेल नाही. तिने कमांड टाइप करून ठेवलेली, बोट एंटरवर. "सर, उडवू जुना कॉलम?"

मी म्हटलं, "मार्चअखेर जाऊ दे गं."

"पण सर, कोणी वापरतच नाहीये."

"माहितीये. पण वर्षातून एकदाच चालणारं काहीतरी असतं कुठेतरी. पानावर लिहून ठेव, का ठेवला आणि कधीपर्यंत."

तिने तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. चार वाजले होते, पहिल्या लोकलची वेळ होत आलेली, आम्ही अंधेरी स्टेशनला चालत निघालो.