पहिलं घराणं कोणत्या रांगेत?

(दृश्य : पांदण. दोन्ही अंगाला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पुढे तारेचं कुंपण.)

विदर्भातल्या खेड्यात मिशनचं कबरस्तान शोधायला फार विचारावं लागत नाही. गावाबाहेर, पांदणीला लागून अर्ध्या-पाऊण एकराचा तुकडा, एखादं कडुनिंब आणि बाकी सगळी घाणेरी. आत शिरलं की नजर जाते संगमरवराकडे. इंग्रजी अक्षरं, साहेबाचं नाहीतर मडमेचं नाव. बहुतेक लोक तिथेच फोटो काढतात आणि हाच इथल्या मंडळीचा, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाचा, संस्थापक असं धरून चालतात. थडगं मोठं म्हणून माणूस पहिला, हे काही खरं नाही. साहेबाची बदली व्हायची. मंडळी टिकली ती गावातल्या एक-दोन घरांवर, आणि त्या घरांच्या कबरी बहुधा मागे, विटांच्या नाहीतर नुसत्या मातीच्या.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले. ख्रिस्ती शिक्षणाइतकाच त्यांचा जीव इथल्या दगडांत आणि जीवाश्मांत होता. टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे लोहयुगातली दफनं, पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी ते पुरात वाहून गेले. वऱ्हाड त्याआधी, 1853 मध्येच, निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढच्या काही दशकांत अकोला, यवतमाळ या भागांत अमेरिकन मिशनं आली. पण खेड्यातली कबरस्तानं भरू लागली ती दुष्काळांमुळे. 1896-97 चा एक आणि 1899-1900 चा दुसरा, संवत 1956 मधला म्हणून छप्पन्या. मिशनच्या अनाथाश्रमात आलेली काही पोरं वाचली, काही नाही. म्हणून जुन्या रांगेत तीन-चार फूट लांबीचे, म्हणजे मुलांचे, उंचवटे शेजारी शेजारी दिसले तर आधी ही दोन सालं आठवावीत. असाच दाट पट्टा 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचाही असू शकतो. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत मध्यप्रांत-वऱ्हाडाइतकी माणसं फार थोड्या प्रांतांत मेली.

(दृश्य : दोरी, खुंट्या, टेप.)

ही पहिली घरं शोधायचं काम सुरू होतं नकाशापासून. दोन पक्के कोपरे धरायचे, दोरी ताणायची, प्रत्येक कबरीला कागदावर क्रमांक द्यायचा. दगडावर रंगाने आकडा टाकायचा नाही. तो पुढे निघत नाही. ख्रिस्ती कबर सहसा पूर्व-पश्चिम असते, डोकं पश्चिमेला, म्हणून जुना दगड पश्चिम टोकाला सापडतो. मुसलमानांची कबर इकडे उत्तर-दक्षिण. सरमिसळ असलेल्या जागेत एवढ्यावरून बरंच वेगळं काढता येतं.

मग आडवी येते काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात कबरीच्या खड्ड्यात भरलेली मातीही नंतर खचते. वर ठेवलेला दगड एका अंगाला कलतो, दोन-चार पावसाळ्यांत आडवा होतो आणि पुढे मातीखाली जातो. मुरमापर्यंत खणून पाया भरला असेल तरच थडगं सरळ उभं दिसतं, आणि तो खर्च सगळ्यांना झेपणारा नव्हता. त्यामुळे दगड नाही म्हणजे कबर नाही, असं धरू नये. बोटभर जाडीची लोखंडी सळई हलक्या हाताने वीतभर दाबत गेलं की पुरलेला दगड टणकन लागतो. वीतभरच, त्याखाली आपलं काही काम नाही.

(दृश्य : संगमरवराचा तुकडा, अगदी जवळून.)

हा दगड कोरा वाटतो. यात अक्षरं शिशाची होती. आधी अक्षर कोरायचं, त्यात बारीक भोकं पाडायची आणि शिसं ठोकून बसवायचं. शिसं गळून पडलं किंवा कोणी उपटून नेलं, पण भोकं राहिली. ती एका रेषेत कशी येतात ते पाहून अक्षर ओळखता येतं. दुपारच्या उन्हात मात्र काहीच दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी आरशाने उजेड अगदी तिरपा, दगडाला घासून जाईल असा पाडायचा.

धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. शेवाळ ओलं करून बांबूच्या चिपेने काढायचं. तारेचा ब्रश नको आणि तेजाब तर मुळीच नको, संगमरवर त्यात विरघळतो. ईस्टरच्या आधी कबरींना चुना मारायची चाल आहे. चांगली चाल आहे, पण वर्षानुवर्षांचे थर अक्षरांत भरतात, तेव्हा लेख असलेली बाजू सोडून मारावा. ऑइलपेंट त्याहून वाईट. आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. विटांचे सांधे उखडले असतील तर सिमेंट भरू नका. ते विटेपेक्षा कडक, म्हणून फुटते ती वीट. त्याऐवजी एक भाग मुरवलेला चुना, दोन-अडीच भाग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी), आणि वर आठवडाभर ओलं गोणपाट.

दगड संपले की दफनाचं रजिस्टर. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, नमुन्यात मृत्यूची आणि दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. त्याच्या नकला वरच्या कार्यालयात आणि तिथून लंडनला जात, म्हणून गोऱ्यांच्या नोंदी आज तिकडेही सापडतात. आपल्या माणसांसाठी मंडळीचं स्थानिक पुस्तकच खरं, आणि तेही पाळकाच्या घरी पेटीत. अनाथाश्रमातल्या मुलाला बऱ्याचदा आडनाव नसतं, म्हणून दफनाची नोंद एकटी वाचू नये. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशी तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवायची. एकच नाव आधी नवरदेव म्हणून, मग बाप म्हणून, मग साक्षीदार म्हणून पुन्हा पुन्हा येऊ लागलं की पहिलं घराणं सापडलं म्हणायचं. पुस्तकातला क्रम आणि नकाशातली रांग जुळली, तर बिनदगडाच्या उंचवट्यालाही नाव देता येतं.

जागा कोणी दिली हा प्रश्न वेगळा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) इकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक. तिथे मालगुजाराने तुकडा सोडलेला असू शकतो. 1951 मध्ये मालगुजारी गेली, म्हणून तिथे निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद, पाहावं. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरणारा, म्हणून जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढायचे. सातबाऱ्यावर दफनभूमी पोटखराब, म्हणजे लागवडीबाहेरच्या, वर्ग ब मध्ये असू शकते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच स्थापन झालं, तरी कागदावर अजून जुन्या मिशनचं नाव असेल तर आधी फेरफार आणि मग सरकारी मोजणी. दरवर्षी नांगराच्या एका तासाने आत येणारा शेजारचा धुरा, म्हणजे बांध, भांडून मागे जात नाही, मोजणीच्या नकाशाने जातो.